मान मास्तरचा

"मास्तर कुठाय?" मी विचारलं, तसा हणमंता ढोलाची दोरी आवळायला बसला. आवळलेली दोरी हा माणूस पुन्हा आवळायला लागला, की काहीतरी लपवतोय असं समजून घ्यायचं.

"हणमंता, भिंतीशी बोलत नाही मी."

"येतोय बघा, वैनी. तासाभरात."

"बग्गी दारात आलीय. नवरानवरी जेवून उठलीत. आणि माझा मास्तर तासाभरात येतोय? कुठं उलथलाय?"

हणमंतानं मागं ठेवलेली काळी लाकडी पेटी काढून माझ्यापुढं सरकवली. क्लॅरिनेटची पेटी. आमचा मास्तर यल्लाप्पा परसाकडं जाताना सुद्धा ती पेटी दुसऱ्याच्या हातात देत नसे.

"मीटिंगला गेलाय," हणमंता म्हणाला. "म्हणाला, वैनीला सांग, वाजवायला येणार. पण आधी तिथं जाऊन येणार."

"आणि पेटी इथं टाकून?"

"ते काय बोलला न्हाई. माझ्या मांडीवर ठेवली आन् चालत सुटला. मागं बघितलंसुदीक न्हाई."

मिरजेतलं लग्न होतं. शिरगुप्पे म्हणून द्राक्षबागायतदार, त्यांच्या थोरल्या पोराचं. कार्यालयाच्या बाहेर आमचा तासगावचा भीमराव ब्रास बँड लाल डगले घालून उभा होता. वैशाखातलं ऊन उतरत होतं तरी डगल्यांच्या काखा भिजलेल्या. भीमराव म्हणजे माझे मालक. ते गेल्यावर बँड मीच उभा ठेवला. बाई बँड काय चालवणार म्हणून तासगावात जे हसले, त्यांची वाद्यं नंतर मीच विकत घेतली. आणि यल्लाप्पा माझा धाकटा दीर. मी ऐवळ्यांच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. सासू नव्हती. त्याच्या डोक्याला तेल मी घातलं, त्याला पहिला मार मी दिला आणि त्याचं पहिलं क्लॅरिनेट माझ्या पाटल्या मोडून आलं. तेव्हा त्याच्यावर बोलायचा हक्क कुणाचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तो प्यायचा. बँडवाला पितो, त्यात नवल नाही. पण गेल्या दिवाळीत त्यानं रक्ताची उलटी केली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा प्याला तर इथं आणू नका, परस्पर न्या. कुठं न्या ते डॉक्टर बोलला नाही. मी खुळी नाही. मला कळलं.

तेव्हापासून तो त्या मीटिंगला जायला लागला. मिरजेला, दर गुरुवारी. थंडीवाऱ्यात जायचा, तापात जायचा. दारू सुटली हे खरं. पण घरात चहा घेऊन गप्प बसायला लागला. कुठल्या कुठल्या लोकांना भाऊ म्हणायला लागला. आणि त्याचा सूर पातळ झाला. पूर्वी त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं की दोन गल्ल्यांतल्या बायका दारात यायच्या. आता शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाजवायचा. मला वाटायचं, दारू गेली ती गेली, पण त्या लोकांनी बरोबर आणखी काहीतरी काढून घेतलं.

आणि आज माझी वरात टाकून गेला होता.

"हे कुठं भरतं?"

"जनावरांचा दवाखाना हाय न्हवं, त्याच्या आसपास म्हणतोय. मी कवा गेलो न्हाई."

"तू कशाला जाशील. तू गेलास तर दुकानदार उपाशी मरंल."

मी पेटी काखेत मारली. तेवढ्यात नवरदेवाचा मामा आलाच. अंगावर रेशमी झब्बा, तोंडात पान. दुपारपासून त्याचं आणि माझं जमत नव्हतं. आमच्या धंद्यात सुपारी घेताना पैसा ठरतो, जेवण ठरतं आणि वरातीआधी माणसांना दारू किती तेही ठरतं. मास्तरची चपटी, त्याची एकट्याची छोटी बाटली, वेगळी. दुपारी हा मामा क्रेट घेऊन आला आणि लांबूनच हणमंताला म्हणाला, "ए ढोल, हे घ्या, प्या वाटून." कुत्र्यापुढं टाकावं तसं. मी तिथंच अडवला. म्हटलं, "मामा, असं नाही. आमच्यात मास्तरच्या हातात देतात, तो वाटतो. आणि त्याची चपटी वेगळी, ती त्याला दोन हातांनी द्यायची. मान मास्तरचा."

तो हसला. पण दिली. दोन हातांनी दिली.

यल्लाप्पा पीत नाही हे मला माहीत होतं की. म्हणून काय झालं? आज मास्तरची चपटी सोडली तर उद्या पंगतीतली ताटं सोडायला लागतात. घ्यायची, हवी तर गटारात ओतायची. पण घ्यायची. यल्लाप्पानं क्रेट घेतला, सगळ्यांचे पेले भरले, स्वतःचा पालथा ठेवला. मी बघितलं आणि मनात म्हटलं, बघा, सुटली ना? उगाच त्या मीटिंगा. मग मी ताटांचं बघायला आत गेले.

"बाई," मामा आता म्हणाला, "वाजवायचं कवा? का तेबी दोन हातांनी मागायचं?"

"मास्तर येतोय."

"कुठनं येतोय? लंडनहून? अर्ध्या तासात बग्गी हलली न्हाई तर मी बेंजो बोलावतोय. आन् हंगामात तुमाला मिरजेत कोण उभं करतंय बघतो."

"मामा, पान थुंका आधी. झब्ब्यावर येतंय."

तो खाली बघेपर्यंत मी रस्त्याला लागले.

जनावरांचा दवाखाना सापडायला तसा सोपा. पण फाटकाला कुलूप. दुपारनंतर बंद. पाटीवर कुठं मीटिंगचं नाव नाही, गाव नाही. रसाच्या गाड्यावर एक माणूस चरक पुसत होता. त्याला विचारायचं तर काय विचारायचं? जन्मात मी रस्त्यावर उभी राहून कुणाला असलं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "इथं दारूची माणसं कुठं जमतात?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं गोंदण, काखेत काळी पेटी. "त्या कोपऱ्यावर," म्हणाला. "पण मावशी, पेटी सांभाळून. चोर असतात."

कोपऱ्यावर गेले तर देशी दारूचं दुकान. जाळीमागं एक टकला बसलेला. मागं फिरणार होते, पण फिरून जाणार कुठं? पुढं झाले. तिथले दोघंतिघं आपोआप बाजूला झाले.

"दारू सोडलेल्यांची मीटिंग कुठं भरती?"

जाळीमागचा टकला हसला नाही. उलट त्यालाच एकट्याला नीट माहीत होतं. "माझी गिऱ्हाइकं पळवणारी व्हय? दवाखान्याच्या मागल्या अंगाला जा. लोखंडी जिना हाय, त्याच्याखालची खोली. आज गुरुवार, म्हंजे असतील." मग म्हणाला, "कुणाला सोडायला आलाय?"

"सोडायला नाही. ओढून न्यायला."

"न्या, न्या," तो म्हणाला. "पुण्य लागंल तुमाला."

त्या माणसाचा आशीर्वाद मला आवडला नाही. मी भराभरा चालायला लागले. पेटीत काहीतरी लाकडावर टकटक आपटत होतं. यल्लाप्पाची तेलाची बाटली असेल म्हटलं.

दवाखान्याच्या मागं जनावरं बांधून सुई टोचायचा लोखंडी खोडा होता, शेणाचा नि फिनेलचा वास होता आणि जिन्याखाली खोलीचं दार उघडं होतं. जागा बरोबर निवडलीय, म्हटलं. आत दहाबारा माणसं गोल करून बसलेली. कुणाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, कुणाच्या पायात तुटकी चप्पल. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा पुढं टेबलाशी. आणि दाराकडं पाठ करून लाल डगला.

"ऊठ," मी म्हणाले.

यल्लाप्पा वळला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. काखेतल्या पेटीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, पेटी आणली म्हणून लाजला. आणखीच चेव आला.

"ऊठ म्हणतेय ना. तिकडं बग्गी खोळंबलीय आणि तू इथं पंगतीला बसल्यासारखा बसलायस?"

पांढऱ्या दाढीचा उठला. "आक्का, या. आज घरच्यांना बसायची मुभा हाय. बसा."

"मी बसायला आले नाही. तुम्ही कोण?"

"मी इलाही."

"इलाही कोण? आडनाव काय, गाव कुठलं?"

"हितं नुसतं नाव चालतं."

"आडनाव नाही, गाव नाही. मग चोर आणि तुमच्यात फरक काय?"

एकजण हसला. इलाही पण हसला, पण दाढीतल्या दाढीत. "फरक थोडाच हाय. आक्का, आमचा एकच कायदा. एकजण बोलतो तवा बाकीच्यांनी मधी बोलायचं न्हाई. बोलून झालं की उलट उत्तर द्यायचं न्हाई. तुमाला बोलायचं असंल तर बोला. तुमची पाळी."

मला पाळी द्यायला लागत नाही. मी उभ्या उभ्या सुरू झाले. म्हटलं, तुम्ही माझं घर फोडायला निघालाय. हा माणूस माझ्या हातचं खाऊन वाढला, आणि घरात गप्प बसून तुमच्यापुढं तोंड उघडतो. काय सांगतो तुम्हाला? माझी उणीदुणी काढतो? म्हटलं, तुम्ही त्याचा सूर खाल्लात. पिऊन पडत होता तेव्हा सुद्धा त्यानं एक वरात चुकवली नव्हती, आणि तुमच्या शुद्धीवर आल्यावर पहिली चुकवली. म्हटलं, तुमच्यातल्या प्रत्येकानं आपल्या बायकोला मारलेलं असणार, आईला रडवलेलं असणार, आणि आता इथं जनावरांच्या दवाखान्यात बसून एकमेकांच्या पाठी चाटताय. अजून बरंच बोलले. माझं तोंड सुरू झालं की तासगावात माणसं खिडक्या लावून घेतात.

बोलताना मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. कुणीतरी उसळेल, कुणीतरी म्हणेल, बाई तोंड सांभाळा. मग मला बरं पडलं असतं. भांडायला समोरचा लागतो. इथं सगळे ऐकत होते. इस्त्रीवाल्या शर्टानं तर "आईला रडवलं" म्हटल्यावर मान हलवली, जसं काही मी त्याचं बरोबर गणित सांगितलं.

शेवटी माझा घसा सुकला. मी थांबले.

"धन्यवाद, आक्का," सगळे एका सुरात म्हणाले.

जन्मात मला इतकी मोठी शिवी कुणी दिली नव्हती.

मला बसावं लागलं. पाय दुखत होते म्हणून बसले. पेटी मांडीवर घेतली. कुणीतरी चहाचा कप हातात दिला, तो मी खाली ठेवला.

"यल्लाप्पा, तुझं अर्धं राहिलं होतं," इलाही म्हणाला. "बोलणार का?"

तो थोडा वेळ डगल्याचं पितळी बटण फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी यल्लाप्पा. मी दारुडा."

"कुणाला सांगतोयस," मी म्हणायला तोंड उघडलं, तर इलाहीनं नुसता तळवा वर केला. माझ्याकडं न बघता. आणि माझं तोंड मिटलं. ते कसं मिटलं ते मला आजही कळलेलं नाही.

"आज दुपारी लग्नात माझ्या हातात क्रेट दिला," यल्लाप्पा बोलायला लागला. माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. "आमच्यात मास्तरनं वाटायची असती. मी वाटली. मला पेल्याकडं बघायला लागत न्हाई, आवाजावरनं कळतं किती भरला. वाटताना हात हालला न्हाई. माझा पेला मी पालथा ठेवला. मला वाटलं, झालं. जिंकलो."

त्यानं बटण उलटं फिरवलं.

"मग माझी चपटी. ती मामानं दोन हातांनी दिली. सगळ्यांसमोर. माझ्या वैनीनं भांडून मिळवलेली. माझ्यासाठी माझी वैनी कायम भांडती. लहानपणी शाळेत मला लांब बसवायचे, तर ती गुरुजींच्या दारात जाऊन भांडली हुती. तिनं भांडून आणलेली वस्तू मी कवा नाकारली न्हाई. आज पण जमलं न्हाई. घेतली आन् पेटीत ठेवली. क्लॅरिनेटच्या शेजारी. दरवेळी तिथंच ठेवतो."

माझ्या मांडीवरची पेटी एकदम जड झाली. खोलीतल्या कुणीच माझ्याकडं बघितलं नाही, इतकं ते ठरवून बघत नव्हते.

"नंतर वाद्य काढायला पेटी उघडली. क्लॅरिनेट दिसलंच न्हाई मला. चपटीचं झाकणच दिसलं. फेकून द्यायची म्हणून उचलली असती तर ती तोंडालाच गेली असती, हे मला माहीत हुतं. म्हणून हात न लावता पेटी बंद केली. हणमंताच्या मांडीवर ठेवली. ती जिथं असंल तिथनं लांब जायचं एवढंच डोक्यात हुतं. हितं आलो. बसलो. बोलायला लागलो." बटणावरचं त्याचं बोट थांबलं. "आता पेटी हितं आली. आता कुठं जाऊ ते मला सांगता येत न्हाई. एवढंच."

"धन्यवाद, यल्लाप्पा."

मी पेटी उघडली.

क्लॅरिनेटचे तुकडे निळ्या मखमलीत ठेवलेले होते आणि त्यांच्या बाजूला ती चपटी, कागदी पट्टीसकट, न फोडलेली. मी ती बाहेर काढली. मला काय, बाटली म्हणजे बाटली. किती उचलल्या, किती मोजून घेतल्या. पण मी हात वर केला तसे खोलीतल्या सगळ्या माणसांचे डोळे तिच्याबरोबर वर आले. हात बाजूला नेला तसे डोळे बाजूला. मघाचा तो इस्त्रीच्या शर्टाचा होता, चांगला धिप्पाड, मिशा अशा की चौकीत बसून दुसऱ्यांना दरडावत असेल. तो खुर्ची मागं सारून उठला आणि तोंड भिंतीकडं करून उभा राहिला. पोरानं शिक्षा म्हणून उभं राहावं तसा. मघाशी मी यांना घालूनपाडून बोलले तेव्हा यांच्यातल्या कुणाची पापणी हलली नव्हती.

मी चपटी पदराखाली घेतली. "मोरी कुठाय?" मी विचारलं.

"खोड्यापाशी गटार हाय," इलाही म्हणाला.

बाहेर जाऊन ओतली. दगडावर पडलेली बाटली चपलेनं गटारात ढकलली. हात धुतले, पदराला पुसले, तरी वास राहिला म्हणून हौदाकाठची माती लावून पुन्हा धुतले. आत आले तेव्हा मिशावाला आपल्या जागी बसला होता आणि दुसराच कुणी बोलत होता. यल्लाप्पा माझ्याकडं बघत होता. आल्यापासून पहिल्यांदा.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"वैनी," तो हळू म्हणाला, "वरात."

"गप. दुसरा बोलतोय."

मीटिंग संपेपर्यंत मी बसले. गार झालेला चहा पण प्याले. शेवटी सगळे उभे राहून काहीतरी म्हणाले, ते मला येत नव्हतं, म्हणून नुसती उभी राहिले.

कार्यालयापाशी आलो तेव्हा बग्गीवाल्यानं घोड्याला दुसऱ्यांदा वैरण घातली होती. नवरी बग्गीत बसून हातातला गुच्छ हलवत वारा घेत होती. मामा फोनवर बेंजोवाल्याला पत्ता सांगत होता. मी त्याच्या शेजारून गेले आणि म्हटलं, "फोन ठेवा. हणमंता, ढोल."

यल्लाप्पानं क्लॅरिनेट जोडलं, फुंकायची पत्ती तोंडात धरून ओली केली आणि वरात हलली. मी कधी वरातीत चालत नसे. मागं टेम्पोत बसायचे. त्या दिवशी मी मास्तरच्या पुढं दोन हात अंतर ठेवून चालले.

चौकाच्या अलीकडं नवरदेवाचे दोस्त नाचायला घुसले. त्यांच्यातल्या एकानं पेला भरून आणला आणि वाजवणाऱ्या यल्लाप्पाच्या तोंडाशी नेला. ही रीतच आहे. एका हातानं गळ्यात हात टाकायचा, दुसऱ्या हातानं तोंडात ओतायचं, आणि मास्तरनं सूर न तोडता घोट घ्यायचा. त्याला शाबासकी मिळते. यल्लाप्पानं ती कैकदा मिळवली होती.

मी मधे गेले आणि हात वर केला. हणमंताचा ढोल थांबला, मग ताशा, मग सगळं. भर रस्त्यात एकदम एवढी शांतता झाली की घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं.

"काय झालं? वाजवा की," पोरगा म्हणाला.

"हा पेला दिसतोय तोवर वाजणार नाही."

"अवो मावशी, प्रेमानं देतोय. मास्तर, घ्या वो, तुमची वैनी लई कडक हाय."

"प्रेम बग्गीत बसलेल्यावर कर. त्याचं लग्न झालंय."

मामा गर्दी फोडत आला. आधीच पेटलेला, त्यात हे. "बाई, तुमी दुपारी मास्तरचा मान म्हणून माझ्याकडनं दोन हातांनी चपटी घेतलीत. आता पाव्हण्याचा पेला नको? ही कुठली रीत?"

"दुपारची रीत दुपारी संपली."

"मामा, चला की," वरून नवरीचा आवाज आला. "माझे पाय सुजलेत."

"तू गप बस," मामा तिच्यावर ओरडला आणि मग माझ्याकडं वळला. काय काय बोलला. वाजंत्र्याची जात म्हणाला. पंगतीला बसवलं ही चूक झाली म्हणाला. बाईमाणूस बँड चालवायला लागलं तवाच ह्या धंद्याची माती झाली म्हणाला. तुमचा मास्तर बेवडा, सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय, आता कुठनं सोवळा झाला म्हणाला. गर्दी जमली. माझी माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. हणमंतानं तर ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला, कारण आता बराच वेळ जाणार हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

मी ऐकलं. मधे बोलले नाही. त्याच्या तोंडाकडं बघत शेवटपर्यंत ऐकलं. दम घ्यायला तो थांबला, आणखी काही आहे का म्हणून मी जरा वाट बघितली. नव्हतं.

"धन्यवाद, मामा," मी म्हणाले.

त्याचं तोंड उघडं राहिलं. मी त्याला धरायला काही दिलंच नव्हतं. आणि माझ्या पाठीमागं क्लॅरिनेटनं एक चिरका आवाज काढला, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. वळून बघितलं तर यल्लाप्पाच्या तोंडात पत्ती होती आणि तो हसला होता.

पेला गर्दीत कुठंतरी गेला. मी हात खाली केला.

त्या संध्याकाळी त्यानं वाजवलं ते काही खास नव्हतं. दोनदा सूर सुटला, एकदा गाणंच चुकलं. हणमंतानं माझ्याकडं बघितलं, तर मी त्याच्या ढोलाकडं बोट केलं. शिरगुप्प्यांनी ठरलेलं सगळं दिलं नाही आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढच्या सुपारीपासून मी दारू बंद केली, तसा ताशावाला मला शिव्या देत बेंजो पार्टीत गेला. जाऊ दे. त्याचा ताशा तसाही मागं पडायचा.

आजही सुपारी ठरवायला माणसं येतात. पैशाचं होतं, जेवणाचं होतं. मग विचारतात, आणि बाटलीचं कसं? नको म्हटलं की खूश होतात, खर्च वाचतो. मग एखादा जुना जाणता असतो, तो म्हणतो, "पण मास्तरचा मान असतो की, वैनी. त्याचं काय?"

"असतो," मी म्हणते. "गुरुवार सोडून कुठलाही दिवस काढा."